अठरा की एकतीस

ऑफिसात तिला सगळे फेरतपासणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने की फरक काही उरत नसे. नाव ठेवणाऱ्यांचीच चूक म्हणावी तर तसंही नाही. घराला कुलूप लावून ती जिना उतरायची, पहिल्या मजल्यावरून परत वर जायची, कुलूप ओढून बघायची, खाली यायची, आणि रस्त्याला लागल्यावर तिला वाटायचं, ओढलं खरं, पण मन लावून ओढलं का? गॅसचं तेच, नळाचं तेच. पन्नाशी उलटली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण बाईचं बूड एका जागी टिकेल तर शपथ. बसमध्ये जागा मिळाली तरी दोन स्टॉप आधीच उठून दाराशी उभी. आणि अशा बाईला नोकरी मिळाली ती लोकांच्या शंका निस्तरायची.

नोकरी शहराच्या रेल्वेत, भाडं दुरुस्तीच्या टेबलावर. हल्ली तिकीट कोणी काढत नाही. बँकेचं कार्ड गेटवर टेकवायचं, आत शिरायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवून बाहेर पडायचं, भाडं आपोआप कापलं जातं. आता शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला वाटा दोन. एक मधली, थेट शहराच्या पोटातून जाणारी, चाळीस मिनिटांची आणि महाग. दुसरी कडेची, जंक्शनवर गाडी बदलून शहराला वळसा घालणारी, चांगला सव्वा तास खाणारी, पण स्वस्त. मधली गर्दी कमी व्हावी म्हणून रेल्वेनेच ती स्वस्त ठेवलेली. गोम अशी, की गेटला दोनच गोष्टी कळतात, माणूस कुठे आत शिरला आणि कुठे बाहेर पडला. मधल्या वेळात तो कुठून फिरला, हे गेटच्या बापालाही कळत नाही. म्हणून जंक्शनच्या पुलावर एक जांभळं मशीन बसवलंय. कडेने जाणाऱ्याने गाडी बदलताना त्याला कार्ड टेकवायचं, म्हणजे स्वस्त भाडं लागतं. विसरलात, तर रेल्वे धरून चालते की स्वारी मधूनच गेली, आणि महाग भाडं कापून मोकळी होते.

विसरणारे रोज शेकड्याने. ते तिच्या टेबलाशी येत आणि छातीवर हात ठेवून सांगत, बाई, मी कडेनेच गेलो. त्यातले काही खरंच कडेने गेलेले असत आणि बाकीचे मधून जाऊन वर स्वस्त भाडं मागायला आलेले. ती प्रत्येकाला एकाच सुरात सांगे, "मशीनला तुम्ही कुठे होतात ते कळत नाही. तुम्ही कार्ड टेकवलंत का, तेवढंच कळतं." दिवसातून चाळीस वेळा हेच वाक्य. झोपेतही म्हणत असेल. शंका फारच आली तर जंक्शनच्या पुलावरचा कॅमेरा मागवायचा. चौदा दिवसांचं चित्रण जपून ठेवलेलं असतं, फॉर्म भरून एक बटण दाबायचं की पुढल्या तासाभरात माणूस पडद्यावर हजर.

मागे एकदा छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आले होते. म्हणाले, मशीन दिसलंच नाही, छत्र्यांचा भारा खांद्यावर होता. हिने मनातल्या मनात शिक्का मारून टाकला की म्हातारा बेरकी आहे. शेजारच्या टेबलावरचा मिशीवाला म्हणाला, लावता का चहाची पैज? लावली. कॅमेरा मागवला, तर म्हातारा भारा सावरत मशीनच्या अगदी समोरून, बिचारा, पाय ओढत चाललाय. हिने त्याचे पैसे परत केले, मिशीवाल्याला चहा पाजला. माफी काही मागितली नाही. फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

घरी तिच्याजवळ धाकटा भाऊ राहायचा. आठ वर्षांनी लहान, हाताला चव असलेला आचारी. शहराच्या ऐन मध्यावर जे मोठं स्टेशन आहे, त्याच्या बाहेरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याने बारा वर्षं काढली आणि त्या स्टेशनात, गेटच्या आतच, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या बारमध्ये स्वतःचं वाटोळं करून घेतलं. बायको रडली, भांडली, अबोला धरून बसली. एकदा तिने हिला फोन करून विचारलं होतं, वन्सं, खरं सांगा, तो पितो का अजून? हिने ठणकावून सांगितलं, छे, सोडली त्याने, मी ओळखते माझ्या भावाला. पुढच्याच आठवड्यात तो मुलीला शाळेतून आणायला म्हणून निघाला आणि त्या जिन्याच्या पायथ्याशीच अडकला. सात वर्षांची चिमी शाळेच्या पायरीवर दोन तास बसून होती. शाळेचा पहारेकरी तिला घरी घेऊन आला. त्याच रात्री बायकोने मुलीला घेऊन वेगळी खोली केली.

त्यानंतर त्याने दारू सोडली ती मात्र खरी सोडली. हॉटेल सोडलं, बहिणीच्या घरी आला, शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या गोदामात खोकी भरायची नोकरी धरली. आणि पहिल्याच दिवशी स्वतःहून म्हणाला, ताई, मी मधून जाणारच नाही, मग अडकायचा प्रश्नच नको. कडेने जाईन, वेळ लागू दे. माझ्या कार्डाचा मेसेज तुझ्या मोबाइलवर येऊ दे, म्हणजे तुला घोर नको. कडेने आलं की अठरा कापले जात, मधून आलं की एकतीस. रोज संध्याकाळी साडेसातच्या आत मोबाइल टिंग करायचा, अठरा. मग ती भात लावायची. चौदा महिने एक दिवस चुकला नाही. तिच्या लेखी अठरा हा आकडा राहिलाच नव्हता. भाऊ सुखरूप आहे, असा त्याचा अर्थ होता.

त्या अठराच्या जोरावर तिने भावजयीचं मन वळवलं होतं. गेले पाच महिने चिमी दर रविवारी अकरा ते चार बापाकडे यायची. भावजय शुक्रवारी सात वाजता फोन करायची आणि एवढंच विचारायची, पाठवू ना? नवऱ्याशी बोलणं तोडलं होतं, पण हिला वन्सं म्हणायचं तिने सोडलं नव्हतं. ही म्हणायची, पाठव. या एका शब्दावर बापाचा सगळा आठवडा उभा असायचा. शनिवारी तो न्हाणीघर घासून काढायचा, जणू पोर न्हाणीघरच बघायला येणार होती.

आणि त्या मंगळवारी मोबाइल टिंग झाला, एकतीस.

तिने स्वतःला समजावलं की मशीन बिघडलं असेल. तो आला, रोजच्यासारखा सरळ न्हाणीघरात गेला, आंघोळ करून जेवला. ही विचारीन विचारीन म्हणत राहिली आणि विचारलं नाही. बुधवारी ऑफिसात गेल्या गेल्या तिने बिघाडांची यादी काढली. जंक्शनचं जांभळं मशीन ठणठणीत होतं, मंगळवारी संध्याकाळी बाराशे जणांनी त्याला कार्ड टेकवलं होतं. त्यात याचं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी पुन्हा एकतीस. सकाळी जाताना मात्र अठरा, अगदी शिस्तीत. म्हणजे कार्डात दोष नाही. सकाळी ठीक आणि संध्याकाळी नाही, याचा अर्थ काय होतो हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

तो न्हाणीघरात असताना तिने दोरीवरचा त्याचा शर्ट नाकाशी धरला. पुठ्ठ्याचा, घामाचा, औषधांचा वास. दुसरा काही नाही. पण औषधांच्या वासाखाली काय काय दडेल, असं तिच्या मनात आलं, आणि शर्ट परत टाकताना तिला स्वतःचीच किळस आली. मग तिने पुन्हा उचलून वास घेतला. फेरतपासणी.

विचारायला काय झालं होतं, असं आपल्याला वाटतं. पण ही बाई रोज चाळीस जणांना विचारत होती आणि चाळीसच्या चाळीस जण कडेनेच आलो म्हणत होते. भावानेही तेच म्हटलं असतं, मग? खरं बोलणाऱ्याचा आणि खोटं बोलणाऱ्याचा चेहरा सारखाच दिसतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. त्यामुळे ती विचारत नव्हती, नुसती घरभर फिरत होती. रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीच्या दाराशी गेली. आत तोही जागाच होता, कूस बदलल्याचा आवाज येत होता.

गुरुवारी तिने नोकरीतला सगळ्यात मोठा नियम मोडला. नातेवाइकांच्या प्रवासाची नोंद उघडायची नाही, असं लेखी दिलेलं होतं, खाली हिची सही होती. मिशीवाला चहाला गेल्यावर तिने भावाचा कार्ड नंबर टाकला. बुधवार संध्याकाळ. आत शिरला सहाला चार मिनिटं असताना, बाहेर पडला सात चोवीसला. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. कडेने पंचाहत्तर लागतात. मग वरची तेरा कुठली? उलटा हिशेब केला, तर मधून चाळीस मिनिटं आणि जिन्याच्या पायथ्याशी अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस मिनिटांत माणूस किती पितो, हेही तिने मोजून टाकलं. नोंद दोन्हीकडून जुळत होती, आणि ज्या बाजूने मन आधीच झुकलं होतं त्या बाजूने जरा जास्त जुळली. मशीनला माणूस कुठे होता ते कळत नाही, हे वाक्य त्या दिवशीही तिने चाळीस वेळा म्हटलं. एकदाही तिच्या कानावर पडलं नाही.

शुक्रवारी बरोबर सात वाजता भावजयीचा फोन आला. पाठवू ना? हिच्या डोळ्यांसमोर शाळेची पायरी आली.

"या रविवारी नको," ती म्हणाली.

"प्यायला?"

"माहीत नाही. पण नको."

भावजय बरं म्हणाली आणि फोन ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. वीस मिनिटांनी मोबाइल टिंग झाला. एकतीस. आता तिला जवळजवळ हायसं वाटलं, म्हणजे आपलं बरोबरच होतं. अशा वेळी बरोबर असण्याचं सुख वाटावं, हे माणसाला शोभत नाही, पण वाटलं खरं.

भाऊ आत आला आणि पायातले बूट काढायच्या आत तिने सांगून टाकलं की चिमी रविवारी येणार नाही, मीच नको म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं. ती म्हणाली, चार दिवस एकतीस. त्याने एक बूट काढला, दुसरा तसाच ठेवून स्टुलावर बसला. तिला वाटलं, आता रागावेल, नाही तर रडेल. पूर्वी पिऊन आला की दोन्ही करायचा. बोलला तो अगदी खालच्या आवाजात.

"मी कडेनेच आलो, ताई. चारही दिवस. मशीनला कार्ड लावलं नाही, मुद्दाम."

मुद्दाम का, हे त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. सोमवारी पुलावर कार्ड टेकवताना त्याच्या मनात आलं होतं, की आपण हे कोणासाठी करतोय? चौदा महिने ताई बघते म्हणून मी मधून जात नाही, की मलाच जायचं नाही? खूप डोकं खाजवलं, कळेना. म्हणून मंगळवारी त्याने कार्ड खिशातच ठेवलं. आता मधून गेला काय आणि कडेने गेला काय, भाडं तेच कापलं जाणार, बघणारं कोणी नाही. बघू या आपले पाय कुठे वळतात. पहिल्या दिवशी जंक्शनच्या बाकावर बसून त्याने कडेची एक गाडी सोडून दिली. मधे जाणारी गाडी समोरच्या फलाटावर उभी होती, दारं उघडी. ती गेली, मग हा उठला. बुधवारीही एक गाडी सोडली. काल आणि आज सोडली नाही.

"मग सकाळी का लावत होतास?"

"सकाळी बार बंद असतो. त्यात कसली परीक्षा?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं, तर तू त्यावरही लक्ष ठेवलं असतंस."

ती स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद असल्याचं बघून आली, परत बाहेर आली. तेरा मिनिटं. एक गाडी सोडली की बरोबर तेरा मिनिटं. हा हिशेब तिला पाठ होता आणि गुरुवारी तो तिला सुचला नव्हता. पण सुचला असता तरी काय, आत्तासुद्धा मनात पाल चुकचुकतच होती, की गोष्ट फार बेमालूम जमवलीय. मग तिला एकदम आठवलं आणि ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. म्हणाली, काही काळजी करू नकोस, पुलावर कॅमेरा आहे, उद्या सकाळी गेल्या गेल्या चार दिवसांचं मागवते, अकरापर्यंत हातात येईल, मी तुझ्या बायकोला दाखवते, चिमी रविवारी येते की नाही बघ.

त्याने मान वर केली. "आणि मग? मी त्यात दिसेन, आणि मग तू माझं ऐकशील?"

"तिला दाखवायला लागेल रे. ती कशी ऐकेल?"

"तुला बघायचं असेल तर बघ. मी अडवत नाही." दुसरा बूट काढून त्याने तो पहिल्याच्या शेजारी नीट लावला. "पण मग पहिल्या तारखेपासून मी माझी खोली बघतो. कॅमेऱ्यासारख्या बहिणीकडे नाही राहता येणार मला."

शनिवारी तिचा अर्धा दिवस. आठ वाजताच जाऊन तिने फॉर्म उघडला. स्टेशन, पूल, खांब क्रमांक, मंगळवार ते शुक्रवार, सहा ते साडेसात. सगळं भरून झालं, फक्त बटण उरलं. ती उठून पाणी पिऊन आली. बसली, पुन्हा उठली, खिडकी लावली, उघडली. मिशीवाला म्हणाला, बाई, खुर्चीत खिळा आहे का? बटण दाबलं आणि तो पडद्यावर दिसला, तर चिमी नक्की येणार होती, पण भाऊही नक्की जाणार होता. न दाबलं तर तो राहिला असता. पण चिमी आली नसती, आणि आपला भाऊ चार संध्याकाळ नेमका कुठे होता हे आपल्याला जन्मात कळलं नसतं. हे शेवटचं तिला सगळ्यात जड जात होतं. न तपासता जगायचं कसं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. साडेबारा वाजता तिने फॉर्म पुसून टाकला आणि ऑफिसातून अशी निघाली की डबा टेबलावरच राहिला.

भावजय चपलाबुटांच्या दुकानात कामाला होती. ही पोचली तेव्हा ती एका जाड्या बाईंच्या पायाशी गुडघे टेकून, शिंगाच्या पट्टीने टाच बुटात बसवत होती. हिला बघून तिने नुसती भुवई उचलली. ही मापं घ्यायच्या बाकावर बसली, चक्क बसून राहिली, पाच जोड होईपर्यंत. गिऱ्हाईक आरशाकडे गेल्यावर भावजय पट्टी हातात घेऊन तशीच तिच्यासमोर आली.

हिने सांगितलं, काल मी चुकीचं बोलले, तो मधून गेला नव्हता, कडेनेच आला होता.

"तुम्ही बघितलंत?"

कॅमेऱ्यात बघितलं, असं म्हणायला काही लागत नव्हतं. भावजय कुठे तपासायला जाणार होती?

"नाही बघितलं. बघता आलं असतं, पण नाही बघितलं. तो म्हणतो, कडेने गेलो."

भावजय हळूच हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "वन्सं, याच तोंडाने तुम्ही मागे सांगितलं होतंत, तो पीत नाही म्हणून. माझी पोर पायरीवर बसून होती."

"हो."

"मग आता वेगळं काय आहे?"

खरं तर उत्तर देणं हीच हिची नोकरी, पण तिथलं एकही वाक्य इथे चालणारं नव्हतं. शेवटी जे होतं तेच बोलली. "तेव्हा मला खात्री होती. आता नाहीये. तरी सांगतेय."

आरशाकडून गिऱ्हाईक बाईंनी हाक मारली की टाचेला लागतंय, एक नंबर मोठा बघा. भावजय आत गेली, खोकं घेऊन आली, पुन्हा गुडघ्यांवर बसली. बूट चढवून, नाडी बांधून, पैसे घेऊन झाल्यावरच ती हिच्याकडे वळली. म्हणाली, उद्या अकराला आणते. पण खाली सोडून जाणार नाही, वर येईन.

घरी आल्यावर तिने भावाला तेवढंच सांगितलं की चिमी येतेय. त्याने विचारलं, कॅमेरा मागवलास? ती नाही म्हणाली. त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती खरं बोलतेय की नाही हे ओळखू बघतोय, आणि तिला ते फार लागलं, कारण तिच्यापाशीही दाखवायला काही नव्हतं. मग तो उठला आणि न्हाणीघर घासायला घेतलं. तासभर घासत होता.

रविवारी अकराला पाच कमी असताना बेल वाजली. चिमी पाठीवर पिशवी अडकवून पुढे, मागे तिची आई. आई दोन वर्षांत पहिल्यांदा या दारात आली होती. चिमी आत धावणार, तोच आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इकडे ये जरा."

तो उंबऱ्याशी आला. तिने टाचा उंचावून नाक थेट त्याच्या तोंडाशी नेलं. तो हलला नाही. दात दुखणाऱ्याने डॉक्टरपुढे उघडावं तसं त्याने तोंड उघडलं, श्वास सोडला आणि डोळे वर छताकडे लावून उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोरीसमोर. तिने एकदा वास घेतला, मग पुन्हा घेतला. बहीण मागे भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, जाऊन त्या बाईचा हात धरावा आणि म्हणावं, पुरे गं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? रोज संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन आपण चौदा महिने दुसरं काय केलं होतं?

चिमीला हा काहीतरी नवा खेळ वाटला. "मी पण, मी पण," म्हणत तिने बापाचा शर्ट खाली ओढला. तो वाकला. तिने त्याच्या तोंडाशी नाक लावून जोरात हुंगलं आणि आईला निकाल सांगितला, "साबणाचा वास येतोय."

आईने तिच्या खांद्यावरचा हात काढला. बाप तसाच वाकलेला होता, चिमीने गळ्याला मिठी मारली होती. त्या मिठीतूनच त्याने मान वळवली आणि बहिणीकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "तू राहिलीस."

थट्टा होती की काय होतं, कोण जाणे. "मला नको," ती म्हणाली, आणि चिमीच्या पाठीवरची पिशवी काढायला पुढे झाली. पट्टा कुठेतरी पिळला होता, तो बराच वेळ तिला सुटेना.